लॅपटॉप गिऱ्हाइकाच्या बाजूनं बसून पाहा, मग घ्या

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो. नागपूरच्या इतवारीत वडिलांचं फोटो फ्रेमिंगचं दुकान आहे, गल्लीत गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक यायला कंटाळतं, म्हणून तुम्हीच नमुने घेऊन लोकांच्या घरी, दवाखान्यात, ऑफिसात जाऊन ऑर्डर घ्यायचं सुरू करून राहिल्या, आणि त्यासाठी लॅपटॉप पाहिजे, बजेट ५५ हजार. मावसभाऊ म्हणतो ग्राफिक कार्डवाला गेमिंगचा घे म्हणजे फोटो मस्त दिसतील, दुकानदार म्हणतो आय ७ प्रोसेसरवालाच घ्या, आणि वडील म्हणतात वही-पेन काय वाईट आहे.

आधीच सांगून ठेवतो, ह्या तिघांत सगळ्यात जास्त बरोबर तुमचे वडील आहेत. हसू नका, सांगतो पुढं.

मी प्रताप नगरकडे २२ वर्षं फ्रेमिंग करून राहिलो. बाहेर जाऊन ऑर्डर घेणं मागच्या नऊ वर्षांतलं, आणि त्या नऊ वर्षांत तीन लॅपटॉप झाले. पहिला चुकीच्या कारणानं घेतला, दुसऱ्याची बॅटरी फुगली, तिसरा अजून चालू आहे. कॉम्प्युटरचा इंजिनियर मी नाही, जे लिहितो ते ह्या तीन मशिनींनी शिकवलेलं.

पहिली गोष्ट म्हणजे फ्रेम विकली जाते ती कॉर्नरवर. तो फ्रेमेच्या पट्टीचा एल आकाराचा नमुना गिऱ्हाईक हातात घेतं, वजन पाहतं, नखानं खरवडून पाहतं, आपल्या फोटोच्या कोपऱ्यावर ठेवतं आणि मग नवऱ्याकडे पाहतं. तिथं लॅपटॉपचं काही काम नाही, बॅगेतच राहू द्या. लॅपटॉप निघतो त्यानंतर, जेव्हा विचारतात "बरं, कितीला पडेल?" आणि "भिंतीवर मोठं तर नाही ना वाटणार?" ह्या दोन प्रश्नांची उत्तरं जागेवर देता आली की ऑर्डर पक्की लिहून ॲडव्हान्स घेता येतो. "दुकानात जाऊन सांगते" म्हटलं की अर्ध्या ऑर्डरी गेल्याच समजा. म्हणजे तुम्हाला मशीन पाहिजे ती भाव काढायला, भिंत दाखवायला आणि ऑर्डर लिहायला. गेमिंग ह्यात कुठंच नाही.

आता भावाची गोष्ट, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे तिथंच गेले. रामदासपेठेत एका दवाखान्याची १२ फ्रेमांची ऑर्डर होती, कॉरिडॉरमध्ये लावायला. चित्रं १८ बाय २४, चारी बाजूंनी तीन-तीन इंच माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठ्याचा पट्टा), म्हणजे आतलं माप २४ बाय ३०. पट्टी दोन इंच रुंदीची. मी तिथं उभ्या-उभ्या डोक्यात हिशोब केला, चोवीस आणि तीस चौपन्न, दुप्पट एकशे आठ इंच, म्हणजे नऊ फूट, आणि माझ्याकडे सिंथेटिकची पट्टी येते साडेनऊ फुटाची, म्हणजे एका फ्रेमला एक पट्टी, १२ फ्रेमा, १२ पट्ट्या. भाव सांगून मोकळा झालो. दुकानात कापायला बसलो तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. ४५ अंशात कापलं की पट्टीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लांब लागते, प्रत्येक टोकाला पट्टीच्या रुंदीएवढी. चार तुकडे, आठ टोकं, म्हणजे रुंदीच्या आठपट जास्तीचं. दोन इंचाच्या पट्टीला १६ इंच. १०८ चे झाले १२४, म्हणजे १० फूट ४ इंच, एका पट्टीत बसतच नाही. तुकडे ३४ आणि २८ इंचाचे, एका पट्टीतून तीनच निघाले (२८ चे कागदावर चार निघतात, पण पट्टीची टोकं ट्रान्सपोर्टात चेपून आलेली असतात आणि आरीची जाडी वेगळी जाते), ४८ तुकड्यांना १६ पट्ट्या. वरच्या चार पट्ट्या माझ्या खिशातून. तुमच्या वडिलांना हे आठपटीचं गणित तोंडपाठ असेल, ते वहीवर बरोबर करतील, म्हणूनच म्हटलं ते बरोबर आहेत. प्रश्न तुमचा आहे, तुम्ही अनोळखी हॉलमध्ये बसल्या आहात, समोर चहा आला आहे, चार माणसं पाहून राहिली आहेत, तेव्हा चूक होतेच.

म्हणून लॅपटॉप घ्यायच्या आधी वडिलांना शेजारी बसवून एक्सेलची शीट बनवा. पट्टीचा कोड टाकला की तिची रुंदी आणि दर आपोआप आला पाहिजे, मग चित्राचं माप, माउंटची रुंदी, आणि आतल्या मापाच्या लांबी-रुंदीच्या बेरजेची दुप्पट अधिक पट्टीच्या रुंदीची आठपट हे सूत्र एकदाच टाकून त्या खान्याला कुलूप लावून टाका. काच स्क्वेअर फुटानं, साधी वेगळी, नॉन-ग्लेअर वेगळी, ॲक्रेलिक वेगळं. बॅकिंग, मजुरी, हूक-दोरी, आणि घरी लावून द्यायचं असेल तर ड्रिलवाल्या पोऱ्याचे पैसे, ते मी दोन वर्षं विसरत होतो. छोट्या फ्रेमेला कमीत कमी इतके रुपये अशीही एक ओळ ठेवा, नाहीतर पासपोर्ट फोटोच्या फ्रेमेत मजुरीसुद्धा निघत नाही. आणि खरेदीचा दर गिऱ्हाइकासमोरच्या पानावर ठेवू नका. त्रिमूर्ती नगरात एका काकूंनी चष्मा वर करून माझ्या स्क्रीनवरचा "खरेदी" नावाचा कॉलम वाचला, आणि पुढची वीस मिनिटं कशी गेली ते माझं मला माहीत. आता तो कॉलम दुसऱ्या फाइलमध्ये आहे, पासवर्ड लावून.

ही शीट कोणत्याही लॅपटॉपवर चालते, आठ वर्षं जुन्यावरही. म्हणजे प्रोसेसरवर जास्तीचे पैसे घालायचं कारण इथंच संपलं. वाचलेले पैसे स्क्रीनवर घाला.

स्क्रीनचं नीट सांगतो कारण दुकानदार हे सांगत नाही, त्याला विचारलं तर "फुल एचडी आहे ना" एवढंच म्हणतो. फुल एचडी म्हणजे ठिपके किती. रंग किती खरे दिसतात ते वेगळं, आणि उजेड किती ते आणखी वेगळं. स्वस्त लॅपटॉपांच्या माहितीत बारीक अक्षरात "४५ टक्के एनटीएससी" असं लिहिलेलं असतं. म्हणजे इंटरनेटवरच्या साध्या फोटोंचे जे रंग असतात, ज्याला एसआरजीबी म्हणतात, त्यातले साधारण साठ टक्केच ती स्क्रीन दाखवू शकते. लाल विटलेला दिसतो, आणि आपल्या धंद्याचा जीव जो सोनेरी रंग, तो शेवाळी नाहीतर मातकट दिसतो. माझा पहिला लॅपटॉप असाच होता, आय ७ होता बरं, आणि ग्राफिक कार्डसुद्धा. एका गिऱ्हाइकाला हातात अँटिक गोल्डचा कॉर्नर दिला आणि स्क्रीनवर त्याच पट्टीतला त्यांच्या लग्नाचा फोटो दाखवला, तर म्हणाले "ही दुसरी पट्टी आहे का?" झालं, विश्वास गेला. तुम्हाला पाहिजे "१०० टक्के एसआरजीबी" किंवा "७२ टक्के एनटीएससी", दोन्ही जवळपास एकच. हे लिहिलेलं नसेल तर ४५ वालाच आहे असं धरून चाला.

पॅनल आयपीएस पाहिजे. जुन्या टीएन पॅनलमध्ये समोर बसलेल्याला बरोबर दिसतं आणि बाजूनं पाहणाऱ्याला रंग उलटेपालटे. आपण सोफ्यावर मध्ये बसतो, एका बाजूला काका, एका बाजूला सून, मागं उभ्या काकू, आणि निर्णय नेहमी काकूंचा. उजेडाचं माप निट्समध्ये असतं, २५० वर दुपारच्या खिडकीसमोर स्वतःचं तोंड दिसतं, ३०० च्या खाली जाऊ नका, ४०० मिळाला तर उत्तम. मॅट घ्या, चकचकीत नको, वर लटकणारी ट्यूबलाइट अख्खी त्यात उतरते. ओएलईडीचे रंग मस्त असतात पण ते जरा जास्तच मस्त असतात, बहुतेक चकचकीतही असतात, गिऱ्हाइकाला घरी लागलेली फ्रेम मग फिकी वाटते. त्यात काही चूक नाही, पण मी स्वतः घेतला नसता.

आणि एक फुकटातली गोष्ट, विंडोजमधलं नाइट लाइट बंद करा. ते चालू असलं तर संध्याकाळी स्क्रीन आपोआप पिवळी होते. धरमपेठेत मी एका बाईंना पांढरं माउंट दाखवून राहिलो होतो आणि त्या म्हणत होत्या हे क्रीम मला आवडलं, हेच द्या. मी क्रीम लिहून घेतलं. त्यांना पाहिजे होतं ते पांढरंच, पिवळं झालेलं. १६ बाय २० चं माउंट परत कापलं.

आता आपल्या गावाचा प्रश्न, म्हणजे ऊन. पुण्या-मुंबईचे लोक लॅपटॉपचे सल्ले देतात त्यात हे नसतंच. ॲपलच्या मॅकबुकच्या माहितीत सरळ लिहिलं आहे, वापरायचं तापमान १० ते ३५ अंश, आणि नुसतं ठेवायचं कमाल ४५. बाकी कंपन्यांचेही आकडे फार वेगळे नसतात. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४५ होतात, मग उन्हात उभ्या कारमध्ये किंवा गाडीच्या डिक्कीत काय होत असेल, आणि डिक्कीला तर खालून इंजिनाची गरमी असते. माझा दुसरा लॅपटॉप मी एप्रिल-मे डिक्कीत फिरवला, जूनमध्ये टचपॅड वर उचललेला दिसला, मला वाटलं स्क्रू ढिला झाला असेल, मेकॅनिकनं उघडून बॅटरी दाखवली, उशीसारखी फुगलेली. लिथियमची बॅटरी फुगली की तिला दाबायचं नाही, चार्ज करायचं नाही, मशीन लगेच बंद करून दुकानात द्यायची. तेव्हापासून लॅपटॉप पाठीवरच्या बॅगेत, डिक्कीत कधीच नाही, उन्हाळ्यात भेटी सकाळी अकराच्या आत नाहीतर संध्याकाळी सहानंतर. बाहेरून आल्यावर दहा मिनिटं बंदच ठेवतो, तोवर कॉर्नर दाखवतो, पाणी पितो. बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असते, दुकानात दिवसभर चार्जरला लावून ठेवत असाल तर ती चालू करा, बॅटरी जास्त टिकते. आणि कूलरच्या तोंडासमोर लॅपटॉप उघडू नका, गार वाटलं तरी ओली हवा आहे ती. (तसंही कूलरसमोरच्या भिंतीवर फ्रेम लावायला मी मनाच करतो, दोन उन्हाळ्यांत माउंटला लाटा येतात आणि काचेच्या आतून बुरशी धरते, मग बोल आपल्यालाच लागतो.)

वजन. कॉर्नरचा माझा बॉक्स सात-आठ किलोचा आहे, तो आपण टाळू शकत नाही, म्हणून लॅपटॉप दीड किलोच्या आत पाहा. १४ इंची घ्या. १५.६ इंची मोठा दिसतो खरा, पण टू-व्हीलरवर तो आणि तो बॉक्स आणि टेप आणि माउंटचे तुकडे, चौथ्या मजल्यावर लिफ्ट बंद, करून पाहा एकदा. गेमिंगवाला दोन-सव्वादोन किलो आणि त्याचा चार्जर विटेएवढा, बॅटरी बाहेर दोन-तीन तास. टाइप-सी चार्जिंगवाला घेतला तर एकाच चार्जरवर फोन आणि लॅपटॉप दोन्ही भागतात, दोन चार्जर घेऊन फिरावं लागत नाही. बॅटरी ५० वॉट-अवरच्या वर असेल तर बरं, स्वस्तातल्या ४०-४२ च्या असतात.

प्रोसेसर-रॅमचं पटकन. आय ५ किंवा रायझन ५ भरपूर झालं. फक्त रायझनचा नंबर नीट वाचा, ७५२० आणि ७५३० दिसायला भाऊ-भाऊ आहेत पण ह्या सात हजारवाल्या नंबरांत तिसरा आकडा पिढीचा असतो, २ म्हणजे जुनी, ३ त्याच्या पुढची, ४ आणखी पुढची. ७५२० वाला स्वस्त म्हणून गळ्यात मारतात. रॅम १६ जीबी, कारण १४ इंची हलक्या मशिनींत बऱ्याचदा रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही, घेतानाच विचारा. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा, ५१२ जीबी. ग्राफिक कार्ड नको.

आता भिंत कशी दाखवायची, कारण लॅपटॉपचं खरं काम हेच आहे आणि ह्याला कोणतं महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. परदेशात फ्रेमिंगची तयार सॉफ्टवेअर मिळतात, पण त्यात तिकडच्या सप्लायरच्या पट्ट्यांचे कोड असतात, आपल्या पट्ट्या त्यात नसतात. मी असं करतो. भिंतीवर जिथं फ्रेम लावायची तिथं एक कोरा ए-४ कागद टेपनं चिकटवतो आणि समोरून, तिरका न होता, मोबाइलनं फोटो काढतो. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटर असतो, जगात कुठंही, म्हणजे फोटोत आपली मोजपट्टी आपोआप आली. मग तो फोटो गिंप नावाच्या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा, फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं (दवाखान्यांच्या बेसमेंटमध्ये रेंज नसते, ब्राउझरवाल्यावर विसंबून राहू नका), कागदाच्या मापावरून फ्रेमेचं माप काढायचं आणि त्या मापाची फ्रेम वर ठेवायची. स्वतःच्या सगळ्या कॉर्नरांचे दिवसाच्या उजेडात एकदाच फोटो काढून त्यांच्या तयार फ्रेमा बनवून ठेवा, एका रविवारचं काम आहे, बरं दोन रविवारचं. लोकांचा अंदाज नेहमी लहान असतो. सहा फुटी सोफ्याच्या वर १२ बाय १८ ची फ्रेम सांगतात, स्क्रीनवर पाहिलं की स्वतःच म्हणतात "हे तर तिकिटासारखं दिसून राहिलं", आणि मग २४ बाय ३६ ची ऑर्डर होते. लॅपटॉपचे पैसे माझे ह्याच वाक्यातून निघाले.

टॅबचं विचारलं तर, घरगुतीच गिऱ्हाईक असेल आणि शीट आधी तयार असेल तर टॅबवर भागतं, खोटं कशाला बोलू. पण दवाखाने-ऑफिसांच्या ३०-४० फ्रेमांची यादी बोटानं भरताना जीव जातो, आणि वडिलांची हिशोबाची टॅली दुकानात चालत असेल तर ती थेट टॅबवर येणार नाही. तुमचं काम दोन्हीकडचं दिसतं म्हणून मी लॅपटॉपच म्हणतो. ३६० अंशात वळणारा टचवाला बजेटमध्ये बसला तर छान, तंबूसारखा उभा करून गिऱ्हाइकाकडे तोंड करता येतं, पण त्यासाठी स्क्रीनच्या रंगात तडजोड करू नका.

नव्यात ५५ मध्ये हे सगळं बसलं नाही तर जुना घेण्यात कमीपणा नाही. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक हे कंपन्यांतून निघालेले असतात, बिजागऱ्या मजबूत, मार खाणारे. पण ह्यातच फसगत आहे, कंपन्या हजारोंनी घेताना स्क्रीन सगळ्यात साधी घेतात, त्यामुळे बॉडी दणकट आणि पॅनल तेच ४५ टक्केवालं. मॉडेलचं नाव ऐकून घेऊ नका, चालू करून पाहा. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या खालचा नको, विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे येत नाही, आणि विंडोज १० चे साधे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. बॅटरी बदलून मागा, आणि टचपॅडवर हात फिरवून पाहा, उचललेला तर नाही ना.

बिल जीएसटी नंबर टाकून घ्या. जीएसटीच्या रेग्युलर स्कीममध्ये असाल तर त्यावरचा १८ टक्के जीएसटी क्रेडिटमध्ये मिळतो, कंपोझिशनमध्ये असाल तर नाही मिळत, सीएला एकदा विचारा, बजेटचा हिशोबच बदलतो त्यानं. वॉरंटी जागेवर येऊन दुरुस्त करणारी असेल तर दोन हजार जास्त द्या. आणि लॅपटॉपला पासवर्ड ठेवा, त्यात लोकांच्या डिग्र्यांचे, लग्नाचे, गेलेल्या माणसांचे फोटो असणार आहेत, हरवला तर लॅपटॉपपेक्षा त्याचं जास्त वाईट वाटेल.

सीताबर्डीच्या बाजारात लॅपटॉप पाहायला जाताना दुकानातले दोन कॉर्नर बॅगेत टाका, एक अँटिक गोल्ड आणि एक मरून, सोबत पांढऱ्या आणि क्रीम माउंटचा एकेक तुकडा, आणि पेन ड्राइव्हमध्ये ह्याच चार नमुन्यांचे फोटो. आवडलेल्या लॅपटॉपवर फोटो उघडायचे, उजेड पूर्ण करायचा, कॉर्नर स्क्रीनच्या शेजारी धरायचा, आणि मग वडिलांना समोर उभं करून तुम्ही बाजूला तीन फुटांवर जाऊन उभं राहायचं. तिथून पांढरं पांढरं आणि क्रीम क्रीम दिसलं पाहिजे. दुकानदार घाई करेल, म्हणेल मॅडम सगळे सारखेच असतात. शेजारच्या मशीनवर तोच फोटो लावायला सांगा त्याला.